घरपट्टीचं बिल भरायच्या आधी नीट वाचा, रकमेचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा

माझ्या मावशीने वन बीएचके रिसेलमध्ये घेतला तेव्हापासून ती दरवर्षी मे महिन्यात न चुकता घरपट्टी भरायची, सूट चुकू नये म्हणून महिना संपायच्या आत, आणि सगळ्या पावत्या एका पिशवीत नीट घडी घालून ठेवलेल्या. सात वर्षांनी कसल्यातरी कामासाठी कागद हवे होते म्हणून मी ती पिशवी घेऊन बसलो, आणि बघतो तर वापराच्या रकान्यात सातही बिलांवर 'भाड्याने' असं छापलेलं. आधीच्या मालकाने तिथे भाडेकरू ठेवला होता, पालिकेच्या रजिस्टरला तीच नोंद राहिली, आणि मावशी स्वतः तिथे राहत असून भाड्याने दिलेल्या घराचा कर भरत राहिली. "अरे, मी तर फक्त खालचा आकडा बघते आणि चेक लिहिते," ती म्हणाली. अर्ज करून नोंद बदलली, पण पुढच्या बिलापासून. मागचे पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतर मी सोसायटीतल्या बऱ्याच जणांची बिलं बघून दिली आणि एक गोष्ट पक्की कळली, की चूक रुपयांच्या रकान्यात जवळपास कधीच नसते. चूक असते ती ज्या रकान्यात रुपये नाहीत तिथे, म्हणजे नाव, वापर, क्षेत्रफळ, आकारणीची म्हणजे कर लावल्याची तारीख. कॉम्प्युटर गुणाकार बरोबरच करतो, त्याला दिलेली माहिती चुकीची असते, आणि एकदा चुकली की दरवर्षी तीच चूक तुम्हाला छापून येते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, कारण हा कर राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि राज्याबाहेर नियम वेगळे.

आधी कळू द्या की बिल कोणाचं आहे

घरपट्टी, मालमत्ता कर, मिळकतकर ही सगळी एकाच कराची नावं. पुण्यात मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, गावाकडे सगळे घरपट्टीच म्हणतात. कायदा मात्र कुठे राहता त्यावर बदलतो. मुंबईला स्वतःचा १८८८ चा महानगरपालिका कायदा आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपरिषद आणि नगरपंचायतीला १९६५ चा, आणि ग्रामपंचायतीला १९५८ चा. हे पाठ करायची गरज नाही, पण मुंबईतल्या मित्राने सांगितलेला नियम नाशिकला किंवा तुमच्या तालुक्याच्या गावाला लागू होईलच असं नाही एवढं लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "आता घरपट्टी माफ" टाइप मेसेजमध्ये हाच घोळ असतो, बातमी एका शहराची असते आणि वाचणारा दुसऱ्या शहरातला.

ग्रामपंचायतीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण इथे लोकांची खूप गल्लत होते. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही आणि 'नमुना ९' म्हणजे कर मागणीची. तलाठ्याकडे मिळतो तो '८ अ' हा शेतजमिनीचा खातेउतारा, त्याचा घरपट्टीशी काही संबंध नाही. घराची नोंद बघायची तर ग्रामसेवकाकडून नमुना ८ चा उतारा मागा.

नंबर आणि नाव

बिलाच्या वरच्या कोपऱ्यात तुमच्या मालमत्तेचा नंबर असतो. मुंबईत तो १५ अंकी खाते क्रमांक आहे, पुण्यात विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तुकडे असतात, नागपूरला त्याला इंडेक्स नंबर म्हणतात. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगच्या नावासकट, कारण ऑनलाइन पैसे भरताना सगळा खेळ या नंबरवर आहे आणि एक अंक चुकला तर पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जमा होतात.

नंतर नाव. बऱ्याच बिलांवर दोन नावं असतात, एक मालकाचं आणि एक भोगवटादाराचं. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष जो ताब्यात आहे, राहतोय तो. अजून बिल्डरचंच नाव येतंय, आधीच्या मालकाचं येतंय, किंवा वारलेल्या आजोबांचं येतंय, हे प्रकार इतके कॉमन आहेत की लोकांना त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही. पैसे तर भरतोय ना, मग नाव काही का असेना, असा विचार असतो. पण सवलतीचा अर्ज करायला गेलात, किंवा फ्लॅट विकायला काढलात, की तिथे अडतं. नाव कसं बदलायचं ते खाली सांगतो.

इथे अजून एक सांगायलाच हवं. घरपट्टीच्या बिलावर तुमचं नाव आहे म्हणजे घर तुमच्या मालकीचं झालं असं नाही. तो कर कोणाकडून वसूल करायचा याचा कागद आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत किंवा इतर कायदेशीर कागदच लागतो. खासकरून भावाभावांच्या वाटणीत "घरपट्टी माझ्या नावावर आहे" यावर विसंबून राहिलेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांना नंतर फार त्रास झाला.

वापर आणि क्षेत्रफळ, इथे वेळ घालवा

वापर म्हणजे निवासी की बिगरनिवासी, आणि निवासी असेल तर स्वतः राहता की भाड्याने दिलंय. बिगरनिवासीचा कर निवासीपेक्षा बराच जास्त असतो. तळमजल्यावर पूर्वी कधीतरी दुकान होतं आणि आता तिथे कोणी राहतंय, किंवा एका खोलीत क्लास चालायचा तो बंद झालाय, अशा घरात बिलावर जुनाच वापर राहिलेला असू शकतो. उलटही होतं, घरात क्लिनिक सुरू केलं आणि पालिकेला कळवलं नाही, मग पाहणी झाली की मागच्या काळासकट फरकाची मागणी येते. दोन्ही बाजूंनी नोंद खरी असणं तुमच्या फायद्याचं.

क्षेत्रफळात तीन भानगडी असतात. पहिली म्हणजे चौरस फूट आणि चौरस मीटर. बिल बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं आणि आपल्या डोक्यात फूट, त्यामुळे कोणी ताडून बघतच नाही. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ६५० फुटांचा फ्लॅट साधारण ६०.४ चौरस मीटर. दुसरी भानगड कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपची. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, बिल्टअपमध्ये भिंतीही धरतात, आणि सुपर बिल्टअपमध्ये जिना-लॉबीतला वाटाही. बिल्डरने विकताना ९०० फूट सुपर बिल्टअप सांगितलेलं, कार्पेट ६५०, आणि आकारणी जर ९०० वर झाली असेल तर तुम्ही जिना, लिफ्ट आणि लॉबीचाही कर वर्षानुवर्षं भरताय. तुमच्या पालिकेत आकारणी कार्पेटवर होते की बिल्टअपवर ते वॉर्ड ऑफिसला विचारा, आणि करारनाम्यातला तोच आकडा काढून बिलाशेजारी ठेवा. तिसरी म्हणजे बाल्कनी आत घेतलेली, टेरेसवर शेड टाकलेली, वर एक खोली वाढवलेली. ते बांधकाम मोजणीत धरलंय का ते बघा, आणि धरलं असेल तर कुठल्या प्रकारात धरलंय तेही, कारण विनापरवानगी बांधकामाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आकडा येतो कुठून

दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत भाडेमूल्याची, म्हणजे हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, आणि उरतं ते करयोग्य मूल्य. कराचे सगळे टक्के या करयोग्य मूल्यावर लागतात. नवी पद्धत भांडवली मूल्याची, म्हणजे घराची किंमत काय ते धरायचं. मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य घेतलं. तिथे रेडी रेकनरचा दर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला जागेचा दर), क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर, मजला असे घटक एकमेकांना गुणून मूल्य निघतं आणि त्यावर कराचा दर लागतो. पुण्यात अजून भाडेमूल्यच आहे. तुमच्या बिलावर 'वार्षिक करपात्र रक्कम', 'करयोग्य मूल्य' असं काही लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे भाडेमूल्य, 'भांडवली मूल्य' असेल तर दुसरी. बस, एवढं बघितलं तरी पुरे.

भाडेमूल्याचं एक उदाहरण करूनच बघू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या भागाचा दर वेगळा असणार. समजा ६० चौरस मीटरचं घर, आणि पालिकेने त्या भागासाठी महिन्याला चौरस मीटरमागे ३० रुपये दर धरलाय. महिन्याचे झाले १,८०० आणि वर्षाचे २१,६००. त्यातून १० टक्के गेले, उरले १९,४४०, हे करयोग्य मूल्य. सगळ्या करांची बेरीज समजा ४० टक्के आहे, तर कर झाला ७,७७६ रुपये.

आता हेच घर पुण्यात असतं आणि मालक स्वतः राहत असता तर भाडेमूल्यातच ४० टक्के सवलत मिळाली असती. २१,६०० चे १२,९६० झाले, १० टक्के वजा करून ११,६६४, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे साधारण ४,६६६ रुपये. फरक ३,११० रुपये, दरवर्षी. दहा वर्षांत ३१ हजारांच्या वर, आणि तो फरक कशाने पडला तर वापराच्या रकान्यातल्या एका शब्दाने. म्हणूनच म्हणतो आकडा शेवटी बघा.

पुण्याची ही सवलत १९७० पासूनची आहे, मध्ये काही वर्षं काढून घेतली होती आणि २०२३ मध्ये परत दिली. १ एप्रिल २०१९ नंतर ज्यांच्या मिळकतीची आकारणी झाली त्यांना ती आपोआप मिळत नाही, पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो, सोबत तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा, म्हणजे सोसायटीचं पत्र, मतदान कार्ड, पासपोर्ट, गॅसचं कार्ड असलं काहीतरी. पुण्यात नवीन फ्लॅट घेतलेल्यांनी बिलावर ही सवलत दिसतेय का ते आजच्या आज बघा.

बिलातली लांबलचक यादी

लोक म्हणतात एकाच घराला दहा कर कसले. खरं म्हणजे कर एकच आहे, त्याचे भाग पाडलेत. सामान्य कर हा मुख्य, पालिकेचा रोजचा कारभार त्यावर चालतो. मग पाणीपुरवठ्याच्या सोयीसाठी जललाभ कर, ड्रेनेजसाठी मलनिस्सारण किंवा मलप्रवाह कर, कचऱ्यासाठी सफाई कर, रस्त्यांसाठी पथकर, अग्निशमन कर, आणि वृक्ष उपकर. नावं गावोगाव थोडी बदलतात. जललाभ कर आणि पाणीपट्टी एकच समजू नका, जललाभ कर सोय उपलब्ध आहे म्हणून, पाणीपट्टी वापराची, आणि ती कित्येक ठिकाणी वेगळ्या बिलाने येते. घरपट्टी भरली म्हणजे पाणीपट्टी भरली असं धरून चालू नका.

याच यादीत शिक्षण कर असतो, तो राज्य सरकारचा, पालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. आणि रोजगार हमी कर, हाही राज्याचा, १९६२ च्या कायद्याने आलेला, आणि तो फक्त बिगरनिवासी जागेला लागतो. तुम्ही राहत्या घराचं बिल बघताय आणि त्यात रोजगार हमी कराची रक्कम दिसतेय तर लगेच वापराचा रकाना बघा, कुठेतरी तुमची जागा किंवा तिचा काही भाग बिगरनिवासी पडलाय. ही खूण फार उपयोगी आहे, पटकन लक्षात येते.

जकात गेली, महाराष्ट्रात एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर बहुतेक सगळा २०१५ ला गेला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली, त्यामुळे पालिकेच्या स्वतःच्या हातातलं उत्पन्न म्हणून घरपट्टीचं महत्त्व आता खूप वाढलंय. वसुलीसाठी मागे लागतात, फेरसर्वेक्षण करतात, त्याचं एक कारण हे आहे.

थकबाकी, शास्ती आणि सूट

महापालिकांच्या कायद्याने हा कर सहा-सहा महिन्यांच्या दोन हप्त्यांत आगाऊ द्यायचा असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. बिलावर दोन सहामाह्या वेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि शेजारी मागील थकबाकी आणि शास्ती. शास्ती म्हणजे उशिराचा दंड, महापालिकांमध्ये महिन्याला २ टक्के. ऐकायला छोटं वाटतं पण वर्षाचे २४ टक्के होतात, म्हणजे १०,००० रुपये तीन वर्षं राहिले तर ७,२०० नुसती शास्ती. पर्सनल लोनसुद्धा यापेक्षा स्वस्त मिळतं बऱ्याच वेळा. पैशाची ओढाताण असेल तर निदान चालू सहामाही तरी भरा.

थकबाकीच्या रकान्यात आकडा दिसला आणि तुम्ही तर गेल्या वर्षी भरलेलं, तर घाबरू नका आणि निमूटपणे परतही भरू नका. गेल्या वर्षीची पावती काढा, त्यावरचा मालमत्ता नंबर जुळतो का बघा, तारीख बघा. कधीकधी बिल छापून झाल्यावर तुमचे पैसे जमा झालेले असतात, तेव्हा वेबसाइटवर ताजी रक्कम कमी दिसते. कधी चेक वटलेला नसतो आणि आपल्याला माहीतच नसतं. बँकेचं स्टेटमेंट काढलं की यातलं काय झालंय ते पाच मिनिटांत कळतं.

लवकर भरण्याच्या सवलतीबद्दल एक गैरसमज आहे. 'लवकर भरा, १० टक्के सूट' असं वाचून लोक पूर्ण बिलाच्या १० टक्के धरतात आणि मग कमी सूट मिळाली म्हणून भांडतात. पुण्यात ती सूट फक्त सामान्य करावर आहे. निवासी मिळकतीची वार्षिक करपात्र रक्कम २५,००० पर्यंत असेल तर १० टक्के, त्याहून जास्त असेल तर ५ टक्के, आणि त्यासाठी ३१ मे पर्यंत पूर्ण वर्षाचा कर भरावा लागतो. एखाद्या वर्षी मुदत वाढवतात पण त्या भरवशावर थांबू नये. सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, गांडूळखत यातला एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत पुण्यात आहे, प्रकल्प खरंच चालू पाहिजे.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेटच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्याआधी २०१९ मध्ये फक्त सामान्य कर माफ केला होता, त्यामुळे जुन्या बिलांवर बाकीचे कर दिसतात. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांनाही राज्यात घरपट्टी माफीची योजना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, कागद कुठले लागतात ते तिथे व्यवस्थित सांगतात.

दंडमाफीच्या अभय योजना अधूनमधून येतात. जुनी मोठी थकबाकी अंगावर असेल तर अशा योजनेत जरूर भरून टाका. पण योजना येईल म्हणून मुद्दाम थकवणं मला पटत नाही, एक तर ती कधी येईल कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर जप्तीची नोटीस येऊ शकते.

आता पैसे भरा

पालिकेची अधिकृत वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून घरपट्टी कधीच भरू नका, 'आज रात्री नळ तोडणार' असलं काही लिहून घाबरवतात आणि लोक पटकन क्लिक करतात. नंबर टाकला की नाव आणि पत्ता स्क्रीनवर येतो, तो वाचा, मगच पुढे जा. यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड सगळं चालतं, क्रेडिट कार्डला वेगळा चार्ज लागतो का ते शेवटच्या स्क्रीनवर बघा. नेहमीच्या यूपीआय ॲपमध्ये बिल पेमेंटखाली म्युनिसिपल टॅक्सचा पर्याय असतो, तुमची पालिका त्या यादीत असेल तर तिथूनही भरता येतं, पण पावती पालिकेच्या वेबसाइटवरूनच डाउनलोड करा.

पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन दिवस थांबा, कारण बऱ्याच वेळा पैसे तरी परत येतात नाहीतर पावती तरी तयार होते. ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट मात्र तेव्हाच काढा. हेच कारण आहे की शेवटच्या तारखेच्या रात्री भरू नये, निदान आठवडाभर आधी.

ऑनलाइन जमत नसेल तर वॉर्ड ऑफिस किंवा नागरी सुविधा केंद्रात चेक, डीडी, रोख चालतं. चेकच्या मागे मालमत्ता नंबर, नाव आणि फोन नंबर लिहा. घरी येऊन रोख मागणाऱ्या कोणालाही, ओळखपत्र दाखवलं तरी, छापील पावतीशिवाय पैसे देऊ नका.

चूक सापडली तर

दोन प्रसंग वेगळे समजून घ्या. पहिला, नवीन आकारणी झाली किंवा कर वाढवला, तेव्हा पालिका विशेष नोटीस देते आणि त्यावर हरकत घ्यायची मुदत लिहिलेली असते. ही नोटीस फार महत्त्वाची. लोक ती बाजूला ठेवतात, मुदत संपते आणि मग बिल आलं की धावतात. हरकत लेखी द्या, एका पानाची, त्यात तुमचा आकडा आणि पालिकेचा आकडा शेजारी-शेजारी लिहा, करारनाम्याचं क्षेत्रफळाचं पान जोडा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. सुनावणीला बोलावतात, जा. जो माणूस कागद घेऊन जातो त्याचं ऐकतात, नुसतं "फार वाढवलाय हो" म्हणून काही होत नाही.

दुसरा प्रसंग मावशीसारखा, वर्षानुवर्षं चुकीची नोंद. त्यासाठी वॉर्डच्या कर विभागात दुरुस्तीचा अर्ज, पाहणीची विनंती, आणि पाहणीला निरीक्षक येईल तेव्हा घरी हजर राहणं. अर्जात मागच्या वर्षांचा फरक पुढच्या बिलात वळता करावा अशी मागणीही लिहा. मिळेलच असं नाही, पण मागितलंच नाही तर प्रश्नच मिटला.

एवढं करून पटलं नाही तर कोर्टात अपील करता येतं. १९४९ च्या कायद्याचं कलम ४०६ आहे, मुदत फक्त १५ दिवस, आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. म्हणजे वाद चालू आहे म्हणून कर थांबवायचा असं इथे चालत नाही. मोठी रक्कम असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, छोट्या रकमेसाठी मी तरी पालिकेच्या पातळीवरच चिकाटीने मागे लागेन.

घर घेतलं, किंवा घरातलं माणूस गेलं

खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची माहिती पालिकेला द्यायची असते, आणि मालक वारला तर वारसांनी एक वर्षाच्या आत. महापालिका कायद्यात हे स्पष्ट आहे. विकणाऱ्यानेही हे मनावर घ्यायला पाहिजे, कारण कळवलं नाही तर कराची जबाबदारी जुन्या मालकावरही राहते. लागतं काय, तर ठरलेला अर्ज, खरेदीखताची प्रत, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), चालू वर्षापर्यंतची पावती, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट किंवा पत्र. वारसाच्या बाबतीत मृत्यूचा दाखला, आणि मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद, बाकी वारसांची संमती. हस्तांतरण, आकारणीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, म्हणजे ठरलेल्या दिवसांत द्यायलाच हव्यात, न मिळाल्यास त्याच कायद्यात अपील आहे. अर्ज करताना पोचपावती घ्या, दिवस तिथून मोजले जातात.

घर घेण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागा, गेल्या वर्षाच्या पावतीवर समाधान मानू नका. घरपट्टी हा मालमत्तेवरचा बोजा आहे, माणूस बदलला तरी थकबाकी घराबरोबर येते. बयाणा देण्याआधी स्वतः वेबसाइटवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

नवीन बिल्डिंगमध्ये उलटा त्रास होतो, दोन-तीन वर्षं बिलच येत नाही आणि सगळे खूश असतात. मग एकदम मागच्या सगळ्या काळाचं बिल येतं. ताबा मिळाला की स्वतःहून आकारणीसाठी अर्ज करा, आणि पहिल्या बिलावर आकारणी कुठल्या तारखेपासून धरलीय ते भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या) किंवा ताब्याच्या तारखेशी ताडून बघा.

विनापरवानगी बांधकाम आणि जप्ती

बेकायदा बांधकामालाही कर लागतो, वर १९४९ च्या कायद्याच्या कलम २६७क प्रमाणे कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे, छोट्या निवासी बांधकामांना राज्याने नंतर त्यात सवलत दिली. पण कर भरला म्हणजे बांधकाम नियमित झालं, असं अजिबात नाही, कायद्यातच तसं म्हटलंय. 'टॅक्स पावती आहे' एवढ्यावर कोणी घर विकत असेल तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

थकवत राहिलात तर आधी मागणीची नोटीस, मग वॉरंट, मग सामान किंवा जागा जप्त, सील, आणि शेवटी लिलाव, असा रस्ता आहे. नोटीस आल्याबरोबर वॉर्डात जाऊन बोला, काही रक्कम भरा आणि बाकीचे कधी भरणार ते लेखी द्या.

घर भाड्याने दिलेलं असेल तर एक शेवटचं. तुम्ही मालक म्हणून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी इन्कम टॅक्समध्ये भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, ज्या वर्षी भरली त्या वर्षी, मागची थकबाकी भरली तरी. त्यामुळे ३१ मार्चच्या आत भरलेली पावती रिटर्नच्या कागदांत वेगळी लावा, आणि मूळ प्रत घराच्या फाइलमध्ये, खरेदीखत, इंडेक्स २ आणि पहिल्या आकारणीच्या नोटिशीसोबत.